विश्लेषण : वाघ मारणाऱ्याच्या नावाने व्याघ्र प्रकल्प का? कोण होते जिम कॉर्बेट?

उत्तराखंडमधील कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाचे नाव स्वातंत्र्यानंतर दोनदा बदलले. आधी ब्रिटिश गव्हर्नरचे नाव जाऊन रामगंगा नदीचे आले. १९५७मध्ये नदीचे नाव जाऊन पुन्हा एका ब्रिटिश माणसाचे आले, तेही शिकारी म्हणून गाजलेल्या. असे का झाले?

रेल्वेतला माणूस

जिम कॉर्बेट यांचा जन्म १८७५मध्ये नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचे असताना ते वारले. हिवाळ्यात कुटुंब कालाढुंगीला राही. तिथल्या जंगलात जिम पक्ष्यांचे आवाज आणि जनावरांचे माग ओळखायला शिकले. पुढे बिहारमधील मोकामा घाटावर गंगेपलीकडे रेल्वेचा माल पोहोचवण्याचे काम त्यांनी सुमारे दोन दशके केले. शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता.

नरभक्षकांच्या मागावर

१९०७मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिने ४३६ बळी घेतल्याचे सांगितले जाते. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर आठ वर्षे दहशत माजवणारा रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी १९२६मध्ये टिपला. सरकारदरबारी त्याचे १२५ बळी नोंदलेले होते. अशा मोहिमेआधी कॉर्बेट दोन अटी घालत : सरकारी बक्षीस रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा.

बंदुकीने काय शिकवले?

चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने तुटले होते. त्यामुळे तिला नेहमीची शिकार जमत नव्हती. इतर नरभक्षकांच्या अंगावरही गोळीच्या किंवा साळिंदराच्या काट्यांच्या जखमा सापडत. वाघ मुळात माणसाच्या वाटेला जात नाही, जखम किंवा म्हातारपण त्याला तिकडे ढकलते, हा निष्कर्ष कॉर्बेट यांनी यातून काढला. अनेकदा ही जखम माणसानेच केलेली असे.

पण ते निर्दोष नव्हते. १९३०मध्ये त्यांनी पवलगढचा प्रचंड वाघ मारला, तो नरभक्षक नव्हता. व्हाइसरॉयच्या शिकारींनाही त्यांनी मदत केली. तरीही त्यांच्या हाती हळूहळू बंदुकीऐवजी सिनेकॅमेरा आला. शाळांमध्ये जाऊन ते जंगलाविषयी बोलू लागले.

उद्यान कसे उभे राहिले?

रामगंगेच्या खोऱ्यात सालाची दाट जंगले, नदीकाठी शिसवी आणि मध्ये हत्ती-हरणांची गवताळ मैदाने आहेत. १९३६मध्ये माजी गव्हर्नर माल्कम हेली यांच्या नावाने इथे भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याची हद्द ठरवण्यात कॉर्बेट यांचा हात होता. म्हणूनच त्यांच्या मृत्यूनंतर स्वतंत्र भारताने त्यांचे नाव निवडले.

शेवट परदेशात

१९४४मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक आले आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९४७मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. १९५५मध्ये तिथेच न्येरी येथे त्यांचे निधन झाले. आपल्या नावाचे उद्यान त्यांनी पाहिले नाही.

आज काय?

‘प्रोजेक्ट टायगर’ची सुरुवात १ एप्रिल १९७३ रोजी याच उद्यानातून झाली. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाटही होते. २०२२च्या गणनेत कॉर्बेटमध्ये २६० वाघ आढळले. देशातील कोणत्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा हा आकडा मोठा आहे. वाघ आणि गाव यांच्यातील संघर्ष मात्र आजही सुरू आहे. हल्ला झाला की सगळे वाघाकडे बोट दाखवतात. कॉर्बेट आधी त्याची जखम शोधत.