आजव्याचे पाणी आणि श्रीमंत सयाजीराव महाराज

विद्यार्थी मित्रहो, श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांनी बडोद्याला शाळा आणि ग्रंथालये दिली, हे तुम्हाला पाठच आहे. या अंकात आम्ही त्यांची ओळख पाण्याच्या अंगाने करून देणार आहोत. पर्यावरणाचे प्रश्न साऱ्या जगाचे असले तरी त्यांची उत्तरे आपापल्या गावातच शोधावी लागतात, हे त्यांच्या चरित्रातून चांगले समजते.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी मालेगावजवळच्या कवळाणे गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि शाळेचे शिक्षण जवळजवळ झालेले नव्हते. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

त्या काळी शहराची तहान विहिरी आणि तळ्यांवर भागत असे. महाराजांनी शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर आजवा येथे जलाशय बांधण्याचे काम १८८५ मध्ये सुरू केले. १८९२ मध्ये हे पाणी शहरात आले. जलाशय शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप वाहत येई. १८९१ च्या जनगणनेत बडोद्याची वस्ती सुमारे एक लाख सोळा हजार होती. आज महीचे पाणीही घ्यावे लागते, तरी आजव्याचा आधार सुटलेला नाही.

पण शहरात नळ आले म्हणून खेड्यांची तहान भागली नाही. १८९९-१९०० चा छप्पनियाचा दुष्काळ भयंकर होता. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या चोवीस लाखांहून अधिक होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. उपासमारीने आणि रोगराईने माणसे गेली. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले आणि जे पाहिले त्याची टिपणे त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. राज्यातील उणीव लपवून न ठेवता ती कागदावर मांडणारा राजा विरळाच.

महाराजांची कामाची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. ते देशोदेशी हिंडले, तेथील चांगले ते पाहिले आणि घरच्या मातीत रुजवले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये तेथील तज्ज्ञ बोर्डन यांना बडोद्यास आणले. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिले आणि मग १९०६ मध्ये साऱ्या राज्यात लागू केले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

आजव्याचे पाणी शहरात आले त्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९२ मध्ये, ब्राझीलमधील रिओ येथे जागतिक वसुंधरा परिषद भरली. आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांचा वाटा राखून ठेवावा, या शाश्वत विकासाच्या विचाराला तेथे जगाची मान्यता मिळाली. गावोगावच्या स्थानिक संस्थांनी त्यासाठी आपापला कार्यक्रम आखावा, असेही तेथे ठरले.

आज हवामान बदलते आहे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी पुन्हा घराघरांत शिरले. आजवा भरून वाहू लागला की ते पाणी विश्वामित्रीतच येते. तिच्या काठची सखल जागा भरावाने बुजवली आणि पात्रात कचरा टाकला, तर पाण्याने जावे तरी कुठे? जगाचे हवामान एकट्या बडोद्याला सुधारता येणार नाही, पण नदीची वाट मोकळी ठेवणे आपल्या हातात आहे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय घरी आणि शाळेत या पावसाळ्यापूर्वी करावी. आणि मुलांनो, तुम्ही एवढे करा : गळका नळ दिसला तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा आणि प्लास्टिकची पिशवी नाल्यात टाकू नका. महाराजांना खरे वंदन ते हेच, असे आम्हाला वाटते.