विश्लेषण : अणूचे गणित हाताने सोडवणारे हार्ट्री कोण होते?

श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये समीकरण मांडले खरे. पण अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूसाठी ते सुटेना. केंब्रिजच्या डग्लस हार्ट्री यांनी पुढच्याच वर्षी तोडगा सुचवला. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी क्षेत्रात आहे असे मानायचे आणि गृहीतक व उत्तर जुळेपर्यंत आकडेमोड पुन्हा पुन्हा करायची. पहिल्या महायुद्धात विमानवेधी तोफगोळ्यांचे मार्ग मोजल्याने हा हिशेबी चिवटपणा अंगी आलेला. पुढे हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर त्यांच्या जोडीला बसले ते निवृत्त वडील, विल्यम; १९४३ मध्ये जाईपर्यंत! मँचेस्टरला उपयोजित गणिताचे प्राध्यापक असताना हार्ट्री यांनी आर्थर पोर्टर यांच्यासह मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांतून विकलक समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक संगणक हाताळून ते केंब्रिजला परतले. १९५८ मधील निधनापर्यंत तिथेच प्राध्यापक होते.