दोन बहिणींपासून सुरू झालेली शाळा

विशेष मुलांसाठी आपल्या भागात एखादी शाळा असावी, असा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो जागेचा. प्लॉट कुठे मिळणार, बांधकामाला किती खर्च येणार, सरकारी मान्यता कधी मिळणार. हे प्रश्न खोटे नाहीत. पण बोलणे तिथेच अडकून पडले की आम्हांला एका फ्रेंच धर्मगुरूंची आठवण होते. त्यांच्याजवळ प्लॉट नव्हता, मान्यता नव्हती. इतकेच काय, त्यांच्या आर्चबिशपांचा त्यांच्यावर विश्वासही नव्हता. होत्या त्या फक्त दोन विद्यार्थिनी.

त्यांचे नाव शार्ल-मिशेल द लेपे. जन्म १७१२ साली व्हर्साय येथे. वडील राजाच्या बांधकाम खात्यात असल्याने घरचे बरे होते. मुलाला धर्मगुरू व्हायचे होते. पण त्या काळी फ्रान्सच्या ख्रिस्तसभेत यान्सेनवादावरून मोठे वादळ उठले होते. त्या मताचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सही करायला द लेपे तयार झाले नाहीत आणि त्यांची गुरुदीक्षा अडली. मग त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले. पुढे त्र्वा येथील बिशपांनी त्यांना दीक्षा दिली खरी. परंतु ते बिशप वारले आणि द लेपे पॅरिसला परतले, तेव्हा तिथे त्यांना पापनिवेदन ऐकण्याची मनाई झाली. त्या वादात त्यांचे बरोबर होते असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. सांगायचे ते एवढेच, की वयाची पंचेचाळिशी ओलांडली तरी या धर्मगुरूंच्या हाती म्हणावे असे काम नव्हते.

साधारण १७६० च्या सुमारास ते पॅरिसमधील एका घरी काही कामासाठी गेले. आई बाहेर गेली होती. दोन मुली शिवणकाम करीत बसल्या होत्या. फादरांनी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण मुलींनी मान वर केली नाही. पुन्हा विचारले, तरी तेच. आई आली आणि रडत रडत तिने सांगितले, की दोघी जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आहेत. व्हानिन नावाचे एक फादर त्यांना चित्रे दाखवून धर्मशिक्षण देत असत. तेही देवाघरी गेले. आता या मुलींना देव कोण सांगणार?

या प्रश्नाचे वजन आज आपल्याला चटकन जाणवणार नाही. श्रद्धा ऐकण्यातून येते, या संत पौलाच्या विधानाचा अर्थ अनेकांनी फार कोता लावला होता. ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रद्धाही नाही आणि समजही नाही, असे सर्रास मानले जाई. खरे तर शुभवर्तमानातील तो बहिरा मनुष्य येशूकडे आला, तेव्हा येशूने त्याला बाजूला घेतले, कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले. शब्द त्यानंतर आला.

द लेपेंनी त्या दोघी बहिणींना शिकवायला सुरुवात केली. हळूहळू इतर मुले येऊ लागली आणि म्युलाँ रस्त्यावरचे त्यांचे राहते घरच शाळा बनले. त्यांच्या आधी स्पेनमधील एक बेनेडिक्टाइन संन्यासी, पेद्रो पॉन्से यांनी सोळाव्या शतकात उमरावांच्या कर्णबधिर मुलांना शिकवले होते. द लेपेंची शाळा गरिबांसाठी होती आणि मोफत होती. खर्च त्यांच्या वडिलोपार्जित उत्पन्नातून चाले.

एकदा एक अनोळखी माणूस त्यांच्याकडे स्पॅनिश पुस्तक विकायला आला. ती भाषा येत नाही म्हणून फादर नको म्हणत होते; सहज उघडून पाहतात तर आत बोटांनी अक्षरे दाखवण्याची चित्रे! त्या पुस्तकासाठी ते उतारवयात स्पॅनिश शिकले.

सांकेतिक भाषा त्यांनी निर्माण केली असे पुष्कळदा छापून येते, ते बरोबर नाही. पॅरिसच्या कर्णबधिरांची स्वतःची खुणांची भाषा होतीच. १७७९ साली प्येर देलोज या कर्णबधिर बुकबाइंडरने पुस्तक लिहून तशी साक्ष दिली आहे. द लेपेंचे मोठेपण असे, की शिक्षक असून ते आधी मुलांकडून त्यांच्या खुणा शिकले. त्यांची चूकही इथेच झाली. त्या खुणांना त्यांनी फ्रेंच व्याकरणाचा काळ, लिंग, प्रत्यय असा साज चढवला. मुले लांबलचक वाक्ये बिनचूक लिहून दाखवीत, पण सगळ्यांचा अर्थ त्यांना कळे असे नाही. पुढच्या पिढीतील शिक्षकांनी तो बोजा उतरवला.

१७७१ पासून ते लोकांना शाळेत बोलावून मुलांची तयारी दाखवू लागले. १७७७ साली सम्राट दुसरा जोसेफ येऊन गेला आणि त्याने मोठ्या उत्पन्नाचा मठ देऊ केला. फादरांनी तो नाकारला. त्याऐवजी ही पद्धत शिकायला एक माणूस पाठवा, अशी विनंती केली. सम्राटाने श्टोर्क नावाचे धर्मगुरू पाठवले आणि १७७९ मध्ये व्हिएन्नात शाळा सुरू झाली. रशियाच्या महाराणीची भेटही त्यांनी अशीच परत करून तिच्या देशातील एक कर्णबधिर मूल मागितले. शाळा काढू पाहणाऱ्यांनी हा प्रसंग दोनदा वाचावा असे आम्हांला वाटते. फ्रान्सच्या राजाने १७७८ मध्ये मदतीचा हुकूम काढला; १७८५ मध्ये पुन्हा काढावा लागला. अनुदानाची गोष्ट तिथेही आपल्यासारखीच!

१७८८ चा हिवाळा अतिशय कडक होता. शहात्तर वर्षांचे फादर स्वतःच्या खोलीत शेकोटीच पेटवीत नव्हते. लाकडाचे पैसे मुलांचे, असा त्यांचा हिशेब. मुले रडत आली, तेव्हा कुठे त्यांनी लाकूड आणले. आणि मुलांचे पैसे आपण जाळले ही खंत नंतरही बोलून दाखवीत राहिले.

२३ डिसेंबर १७८९ रोजी, नाताळच्या तोंडावर, त्यांचे देहावसान झाले. बाहेर राज्यक्रांती सुरू होती. शेवटच्या दिवसांत राष्ट्रीय सभेचे प्रतिनिधी त्यांना भेटून मुलांची जबाबदारी घेण्याचे वचन देऊन गेले, आणि १७९१ मध्ये ते पाळले गेले. त्यांना पॅरिसच्या संत रॉक चर्चमध्ये पुरले आहे.

१८८० साली मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि कितीतरी पिढ्यांच्या मुलांचे हात बांधले गेले. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. त्याच १८८० च्या दशकात मुंबईत बिशप लिओ मेरिन या येशूसंघीय धर्मगुरूंच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. ती भारतातील पहिली मानली जाते. पॅरिसमधली ती जुनी शाळा १७९४ साली सें-झाक रस्त्यावर हलली. ती आजही तिथेच भरते.