लांडाऊची परीक्षा

स्मरणिकेसाठी लेख मागवताना संपादक मंडळानं विषयाची मोकळीक दिली, याचा मी थोडा गैरफायदा घेते आहे. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी एका रशियन शास्त्रज्ञाबद्दल लिहिणार आहे. प्रयोगशाळेत कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवताना आपल्याला शिकवलं होतं की लोखंड चिकटतं, ॲल्युमिनियम चिकटत नाही. धडा तिथे संपायचा. या माणसानं वयाच्या बाविसाव्या वर्षी त्या धड्याच्या पुढचं एक पान लिहिलं.

लेव्ह दाविदोविच लांडाऊ. जन्म २२ जानेवारी १९०८, कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात, ज्यू कुटुंबात. वडील तेल उद्योगात इंजिनिअर, आई डॉक्टर. तेराव्या वर्षी शाळा संपली. विद्यापीठात जायला वय फारच कमी, म्हणून घरच्यांनी वर्षभर एका अर्थविषयक तंत्रशाळेत घातलं आणि चौदाव्या वर्षी तो बाकू विद्यापीठात दाखल झाला. १९२४ मध्ये लेनिनग्राड, १९२७ मध्ये पदवी. त्या सुमारास पुंजयांत्रिकी, म्हणजे आपण सगळे ज्याला क्वांटम म्हणतो ती, जेमतेम दोन वर्षांची होती. हायझेनबर्ग, श्रोडिंगर, डिरॅक ही मंडळी धडाधड शोध लावत होती आणि आपण काही वर्षं उशिरा जन्मलो, चांगले प्रश्न यांनी आधीच संपवले, अशी लांडाऊला आयुष्यभर चुटपुट लागून राहिली.

१९२९ ते १९३१ तो युरोपात हिंडला. कोपनहेगनला नील्स बोरकडे राहिला आणि बोरलाच त्यानं कायम आपला गुरू मानलं. केंब्रिजला त्याची गाठ प्योत्र कपित्झाशी पडली. कपित्झाही रशियन, रूदरफर्डच्या प्रयोगशाळेत प्रचंड ताकदीची चुंबकीय क्षेत्रं तयार करणारा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. याच भटकंतीत, १९३० मध्ये, लांडाऊनं धातूंच्या चुंबकत्वावरचा तो निबंध लिहिला.

प्रश्न असा होता. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनची वाट वळवतं, पण त्याचा वेग कमी-जास्त करत नाही. मग धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा सगळा हिशेब जुन्या भौतिकशास्त्रानं मांडला तर उत्तर शून्य येतं. आतले इलेक्ट्रॉन गोल फिरून जितकं चुंबकत्व तयार करतात, तितकंच कडेला आपटत उलट दिशेनं जाणारे इलेक्ट्रॉन पुसून टाकतात. हे बोरनं १९११ मध्ये आणि हेन्ड्रिका फान लेउवेन या डच संशोधिकेनं १९१९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं होतं. (तिचं नाव पुस्तकांत बोरच्या मागे जोडून येतं, पण येतं तरी. तेवढ्यावर मी समाधान मानते.) याचा सरळ अर्थ असा की जुन्या भौतिकशास्त्रात चुंबक असूच शकत नाही. फ्रिजच्या दारावरचा साधा चुंबकसुद्धा क्वांटमशिवाय समजत नाही.

१९२७ मध्ये पाउलीनं अर्धं कोडं सोडवलं. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलासा चुंबक असतो आणि क्षेत्राच्या दिशेनं वळू पाहतो. पण दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, त्यामुळे खालच्या जागा सगळ्या भरलेल्या. खचाखच भरलेल्या लोकलमध्ये आतल्या माणसाला कूस बदलता येत नाही, दाराशी लटकणाऱ्यांनाच काय ती हालचाल करता येते, तसं इथे फक्त सर्वांत वरचे थोडे इलेक्ट्रॉन वळू शकतात. म्हणून ॲल्युमिनियमसारखा धातू चुंबकाकडे ओढला जातो, पण इतका हलकेच की आपल्याला कळत नाही.

इलेक्ट्रॉनांच्या गोल फिरण्याचं काय, हे उरलेलं अर्धं कोडं. लांडाऊनं दाखवलं की क्वांटमच्या नियमांनी हे फिरणं वाटेल त्या ऊर्जेचं असू शकत नाही. शिडीच्या पायऱ्यांसारख्या ठराविक ऊर्जाच त्याला चालतात. या पायऱ्यांमुळे आतले आणि कडेचे इलेक्ट्रॉन एकमेकांना पुरते पुसू शकत नाहीत, थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, आणि ते बाहेरच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनांसाठी हा विरोध पाउलीच्या ओढीच्या बरोबर एक तृतीयांश भरतो. काही धातूंत, विशेषतः बिस्मथमध्ये, विरोधाचं पारडं जड होतं आणि बिस्मथचा तुकडा चुंबकापासून दूर ढकलला जातो. या पायऱ्यांना आज लांडाऊ पातळ्या म्हणतात.

क्षेत्र वाढवत नेलं की पायऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि एकेक पायरी इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या भागाच्या वर निघून जाते. त्यामुळे धातूचं चुंबकत्व लाटेसारखं वर-खाली व्हायला हवं. हे लांडाऊला गणितात दिसलं होतं. पण इतकं एकसारखं क्षेत्र कुणाला तयार करता येणार, म्हणून ते प्रत्यक्षात दिसणार नाही असं मत त्यानं निबंधात नोंदवून ठेवलं. त्याच वर्षी हॉलंडमध्ये लायडनला डी हास आणि फान आल्फेन यांना बिस्मथमध्ये नेमकी हीच लाट दिसली, तीही त्याचा निबंध डोळ्यांसमोर नसताना. त्याच्या जरा आधी त्याच प्रयोगशाळेत लेव्ह शुब्निकोव्ह नावाच्या रशियन तरुणानं स्वतः वाढवलेल्या बिस्मथच्या शुद्ध स्फटिकांवर डी हासबरोबर काम करून विद्युत रोधातही अशीच लाट पकडली होती.

१९३२ मध्ये लांडाऊ युक्रेनमधल्या खारकोव्हच्या संस्थेत सैद्धांतिक विभागाचा प्रमुख झाला. वय चोवीस. शुब्निकोव्हही तिथेच होता, त्यानं अतिथंड तापमानाची प्रयोगशाळा उभारली होती. दोघांची घट्ट मैत्री जमली. लांडाऊच्या खोलीच्या दारावर पाटी होती: हा माणूस चावतो, जपून. पाटी गमतीची असली तरी खोटी नव्हती. समोरचा माणूस वायफळ बोलतोय असं वाटलं की तो चारचौघांत तसं तोंडावर सांगे. वय, हुद्दा काही पाहत नसे. पुढे मॉस्कोतल्या त्याच्या गुरुवारच्या परिसंवादात भले भले घाम पुसत उभे राहायचे. हा गुण मानावा का, याबद्दल मला शंका आहे. मी वीस वर्षं प्रोग्रामर मंडळींत काढली आहेत. हुशारीच्या जोरावर उद्धटपणा खपवणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्यापायी गप्प बसलेली हुशार माणसंही.

पण या माणसाचं दार सगळ्यांना उघडं होतं, हेही तितकंच खरं. त्याच्याकडे शिकायचं तर वशिला, शिफारस, पदवी यांचा उपयोग नव्हता. फोन करायचा आणि परीक्षा द्यायची. आधी गणित, मग यांत्रिकीपासून क्वांटमपर्यंत सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे एकेक विषय. गुण वगैरे काही नाहीत. तो एक गणित द्यायचा आणि उमेदवाराला खोलीत सोडून निघून जायचा, मध्येच डोकावून कागदावर नजर टाकायचा. ‘किमान पात्रता’ असं या परीक्षेचं साधं नाव. १९३४ ते १९६१ या काळात ती पुरी करणारे फक्त ४३ जण निघाले. त्यांची यादी लांडाऊ स्वतः ठेवत असे. पाचवा टिसा नावाचा हंगेरियन होता. पुढच्यांपैकी अब्रिकोसोव्हला २००३ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या बारावीला दीडशेपैकी सव्वाशे पास करणाऱ्या शाळेच्या स्मरणिकेत हा निकाल छापताना मला गंमत वाटते आहे.

यादीत दुसरा होता येवगेनी लिफ्शित्झ. १९३५ मध्ये या दोघांनी लोखंडाच्या चुंबकत्वावर एक निबंध लिहिला. लोखंडाचा साधा तुकडा चुंबक का नसतो? कारण तो आतून लहान लहान विभागांत वाटलेला असतो. प्रत्येक विभाग पुरता चुंबकच असतो, फक्त दिशा वेगवेगळ्या. दोन विभागांमधल्या सीमेवर दिशा एकदम उलटत नाही, अणूमागून अणू हळूहळू वळत जाते. ही सीमा किती जाड असेल, आणि क्षेत्र लावल्यावर चुंबकत्व भोवऱ्यासारखं कसं डुलत वळेल, याचं समीकरण त्यांनी दिलं. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर एकेक बिट कसा लिहिला जातो याचा हिशेब करणारे प्रोग्राम आजही त्याच समीकरणाची सुधारलेली रूपं सोडवतात. आपल्या पुनर्भेटीचे निम्मे फोटो अशाच कुठल्यातरी डिस्कवर पडलेले असतील.

पुढे या दोघांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राची ग्रंथमाला सुरू केली. लांडाऊला लिहायचा मनस्वी कंटाळा, त्यामुळे विचार त्याचे आणि लेखणी लिफ्शित्झची अशी वाटणी होती. ही माला भारतातही पोचली. लांडाऊनं किताइगोरोद्स्कीबरोबर सर्वसामान्यांसाठी लिहिलेलं भौतिकशास्त्राचं पुस्तक मॉस्कोच्या मीर प्रकाशनानं इंग्रजीत आणलं होतं. सोव्हिएत पुस्तकं स्वस्तात मिळण्याचे दिवस आपल्यातल्या मोठ्या भावंडांना आठवत असतील.

१९३७ साल उजाडलं तेव्हा स्टालिनच्या अटकसत्रानं खारकोव्हची संस्था पोखरायला सुरुवात केली होती. लांडाऊ फेब्रुवारीत मॉस्कोला कपित्झाच्या संस्थेत निघून गेला. (सुट्टीत मायदेशी आलेल्या कपित्झाला १९३४ मध्ये सरकारनं परत केंब्रिजला जाऊच दिलं नाही. वर त्याला मॉस्कोत संस्था काढून दिली.) शुब्निकोव्ह खारकोव्हमध्येच राहिला. त्याला पकडलं, कबुलीजबाब लिहून घेतला आणि त्याच नोव्हेंबरात गोळी घातली. वय ३६. घरच्यांना खरी हकीगत कित्येक वर्षं कळली नाही.

२८ एप्रिल १९३८ च्या पहाटे लांडाऊलाही उचललं. आरोप असा की मे दिनासाठी एक पत्रक तयार झालं होतं आणि त्यात त्याचा हात होता. त्या पत्रकात स्टालिनला हिटलरच्या पंगतीला बसवलं होतं. त्या काळात याहून कितीतरी कमी कारणासाठी माणसं मारली जात होती.

त्याच दिवशी कपित्झानं स्टालिनला पत्र लिहिलं. लांडाऊ फटकळ आहे, त्यानं शत्रू जोडले आहेत, हे सगळं मान्य करून, पण हा माणूस देशद्रोह करणार नाही आणि गेला तर भरून निघणार नाही, असा त्यातला सूर होता. बोरनंही कोपनहेगनहून स्टालिनला लिहिलं. काही झालं नाही. लांडाऊ वर्षभर तुरुंगात खंगत गेला. तो आत असताना, १९३९ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोनबर्ग या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाचा बिस्मथवरचा निबंध छापून आला. शोनबर्ग आधी मॉस्कोत येऊन कपित्झाच्या संस्थेत काम करून गेला होता. निबंधाच्या शेवटी त्या चुंबकीय लाटांचं सूत्र जोडलेलं होतं, लांडाऊच्या नावानं. दिसणार नाहीत म्हणून त्यानं जे सोडून दिलं होतं, त्याचंच हे सूत्र. धातूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढण्याची जी पद्धत पुढे जगभर रुळली, ती याच वाटेनं गेली.

एप्रिल १९३९ मध्ये कपित्झानं पुन्हा लिहिलं, या वेळी मोलोतोव्हला. द्रवरूप हीलियम अतिथंड झालं की कसलाही अडथळा न मानता वाहतं, हे आपल्याला सापडलं आहे, आणि त्याचा अर्थ लावायला लांडाऊच हवा, असं त्यानं कळवलं. मग बेरियाच्या खात्याला लेखी हमी दिली की हा माणूस पुन्हा काही करणार नाही, आणि तसं काही दिसलं तर मीच कळवीन. लांडाऊ सुटला. दोन वर्षांत, १९४१ मध्ये, त्यानं हीलियमचा सिद्धांत मांडला.

मला या भागाशी थांबावंसं वाटतं. खारकोव्हमध्ये शुब्निकोव्हकडे बुद्धी कमी नव्हती, कामही कमी नव्हतं. त्याच्यासाठी वरपर्यंत पत्र लिहू शकेल असा कपित्झा मात्र तिथे नव्हता.

युद्धानंतर लांडाऊला अणुबाँबच्या आकडेमोडीत जुंपलं. स्टालिन १९५३ मध्ये मेला आणि लांडाऊ त्या कामातून बाहेर पडला. १९५६ मध्ये तो पुन्हा धातूंच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे आला. धातूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलत असतात, तरी त्यांना मोकळं मानून केलेली गणितं बरोबर का येतात? त्यानं दाखवलं की गर्दीतला इलेक्ट्रॉन आजूबाजूच्यांचा प्रतिसाद स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि जणू नव्या वजनाचा एकच कण होऊन फिरतो. स्वतः इलेक्ट्रॉन मोकळा नसला तरी हा नवा कण जवळजवळ मोकळा असतो. पाउलीचं आणि त्याचं स्वतःचं जुनं गणित कुठे चालतं आणि कुठे दुरुस्ती लागते, हे पंचवीस वर्षांनी त्यानंच सांगितलं.

७ जानेवारी १९६२ रोजी दुबनाला जाताना बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी ट्रकवर आदळली. कवटी, बरगड्या, कंबरेचं हाड मोडलं. तो कित्येक आठवडे बेशुद्ध होता आणि डॉक्टरांनी त्याला मरणाच्या दारातून अनेकदा परत आणलं. एरवी परिसंवादात त्याच्या शिव्या खाणारे भौतिकशास्त्रज्ञ दवाखान्यात पाळ्या लावून पळापळ करत होते, परदेशातून विमानानं औषधं मागवत होते. तो वाचला. त्याच वर्षीचं नोबेल त्याला हीलियमच्या कामासाठी जाहीर झालं, आणि तो स्टॉकहोमला जाऊ शकत नाही म्हणून स्वीडनच्या राजदूतांनी मॉस्कोच्या दवाखान्यात येऊन दिलं. मात्र पुढच्या सहा वर्षांत भौतिकशास्त्र त्याच्याकडून पुन्हा झालं नाही. १ एप्रिल १९६८ रोजी, साठाव्या वर्षी, तो गेला.

१९३९ मध्ये त्याला सोडलं होतं ते फक्त कपित्झाच्या हमीवर. त्याला निर्दोष ठरवलेलं नव्हतं. तो खटला १९९० मध्ये रीतसर रद्द झाला. तोवर कपित्झालाही जाऊन सहा वर्षं झाली होती.