संत गोन्सालो गार्सिया : भय कीं आशा ?

वसईच्या किल्ल्यांत आम्ही पुष्कळदां जातों. झाडाझुडपांनीं वेढलेल्या भिंती, छप्पर नसलेलीं प्रार्थनामंदिरें व पलीकडची खाडी पाहून परत येतों. याच तटाच्या आंत सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं एक मुलगा अक्षरें गिरवीत होता आणि दूर जपानांतील नागासाकी शहरीं त्याचें नांव आजही आदरानें घेतलें जातें, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. हल्लीं युद्धांच्या, अण्वस्त्रांच्या व तापत चाललेल्या पृथ्वीच्या वार्ता ऐकून, पुढें या जगाचें कसें होणार, ही धास्ती लहानथोरांच्या मनांत घर करूं लागली आहे. अशा वेळीं आपल्या गांवच्या या पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. त्या वेळीं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज व आई येथलीच कोंकणी स्त्री होती. त्यांचें शिक्षण जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांजबरोबरच ते जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं, उपदेशकाचें काम ते सहज करूं लागले. जेझुइट संघांत आपला प्रवेश व्हावा, अशी त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. तेव्हां त्यांनीं व्यापार आरंभिला व त्यांत त्यांचा जम चांगला बसला. तथापि पैशांत त्यांचें मन रमलें नाहीं. फिलिपाइन्समधील मनिला येथें जाऊन ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले.

इ. स. १५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्टिस्टा यांस वकील नेमून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याजकडे पाठविलें. त्यांजबरोबर दुभाषी म्हणून गोन्सालो गेले. परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशीनें १५८७ मध्येंच काढलेला होता. म्हणजे धोका उघड होता. तरी ते गेले. क्योटो येथें या मंडळींनीं एक मंदिर व गोरगरिबांसाठीं रुग्णालय उभारलें. ज्यांच्या जवळ कोणी जात नसे, अशा कुष्ठरोग्यांची तेथें शुश्रूषा होऊं लागली.

इ. स. १५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें मालानें भरलेलें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. आधीं धर्मगुरु येतात व मागून सैन्य येऊन देश काबीज करतें, अशी बढाई त्या जहाजावरील एका खलाशानें मारली, असें सांगतात. ती हिदेयोशीच्या कानीं गेली. त्याची भीति अगदींच निराधार होती, असें आम्ही म्हणणार नाहीं. परक्या राज्याचा तट कसा असतो, हें वसईकरांस ठाऊक आहे. परंतु त्या भीतीनें त्याला रोग्यांचे व्रण धुणारे हात आणि तरवार धरणारे हात यांतला भेद दिसेनासा झाला.

धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्यें क्योटो येथें चोवीस बंदिवानांचे डावे कान कापण्यांत आले व ऐन हिंवाळ्यांत त्यांस सुमारें महिनाभर चालवीत नागासाकीस नेण्यांत आलें. वाटेंत त्यांस मदत करणारे दोघेजणही बंदिवानांत घेतले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर हे सव्वीस जण क्रुसावर मारले गेले. त्यांत वीस जण जपानी होते. सर्वांत लहान मुलगा अवघा बारा वर्षांचा होता.

पुढल्याच वर्षीं हिदेयोशीही मरण पावला. इ. स. १६१४ मध्यें जपानभर ख्रिस्ती धर्मास बंदी झाली आणि येथें सर्व संपलें, असेंच जगास वाटलें. परंतु १८६५ सालीं, याच सव्वीस जणांच्या स्मरणार्थ नागासाकी येथें बांधलेल्या मंदिरांत, उराकामी खेड्यांतील कांहीं शेतकरी भीतभीत आले व आपण ख्रिस्ती असल्याचें त्यांनीं फ्रेंच धर्मगुरूंच्या कानांत सांगितलें. दोनशेंहून अधिक वर्षें धर्मगुरूवांचून आईबापांनीं मुलांस गुपचूप शिकवून ती श्रद्धा जपली होती. त्यानंतरही त्यांचा छळ झाला; बंदी उठली ती १८७३ सालीं. त्याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला आणि तेथील भव्य मंदिर कोसळलें. लोकांनीं तें १९५९ सालीं पुन्हां बांधलें. गोन्सालो यांस १८६२ मध्यें संतपद मिळालें होतें. त्यास शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९६२ सालीं, निशिझाका टेकडीवर त्या सव्वीस जणांचें स्मारक उभें राहिलें.

या चरित्रावरून आम्हांस एक गोष्ट उमगते. हिदेयोशीपाशीं सैन्य होतें, किल्ले होते; तरी उद्यांच्या भयानें त्याचे हात रक्तानें माखले. गोन्सालो यांजपाशीं कांहीं नव्हतें. तरी त्यांचे हात कामांत गुंतलेले होते. त्यांच्या कामाचें फळ दिसावयास २६८ वर्षें लागलीं व तें त्यांनीं पाहिलें नाहीं. आशा म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत सर्व गोड होईल अशी हमी, असें समजूं नये. शेवट दिसत नसतांही आजचें काम उद्यां कोणाच्या तरी उपयोगीं पडेल असें धरून चालणें, हीच आशा. उराकामीच्या आईबापांनीं ती घराघरांत जपली, हें पालकांनींही ध्यानीं घ्यावें. घरीं जेवतांना जगाविषयीं जें बोलणें होतें, तेंच मुलें मनांत सांठवितात.

विद्यार्थीमित्रहो, पुढल्या खेपेस किल्ल्यांत जाल, तेव्हां त्या पडक्या भिंतींजवळ क्षणभर थांबा. येथूनच एक पंधरा वर्षांचा मुलगा, पुढें काय वाढून ठेवलें आहे हें न जाणतां, गलबतावर चढला होता.