हालिदे एदिब : सभा, संग्राम आणि परदेशवास

तुर्कस्तानच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा विषय निघाला की आपल्या पाठ्यपुस्तकांत केमाल पाशांचे नाव येते आणि प्रकरण तेथेच संपते. त्याच संग्रामात खाकी वेष चढवून उतरलेल्या आणि पुढे त्याच प्रजासत्ताकापासून वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या हालिदे एदिब यांचा परिचय आपल्याकडे फारसा नाही.

हालिदे यांचा जन्म १८८४ साली इस्तंबूल येथे झाला. वडील सुलतानाच्या राजवाड्यात कोष विभागात नोकरीस होते. त्यांनी मुलीला अमेरिकन मिशनच्या कन्याशाळेत घातले. पण राजवाड्याच्या नाराजीमुळे वर्षभरातच तिचे नाव काढावे लागले. काही वर्षांनी पुन्हा प्रवेश मिळाला आणि १९०१ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी गणितज्ञ सालिह झेकी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१० मध्ये पतीने दुसरी पत्नी करण्याचे ठरविताच हालिदे यांनी सवतीचा संसार नाकारून घटस्फोट घेतला. पदरी दोन मुलगे होते. त्या काळी असा निर्णय घेणे किती कठीण होते, हे आपल्या माताभगिनींना वेगळे सांगावयास नको.

१९०८ च्या क्रांतीनंतर त्या वृत्तपत्रांतून स्त्रीशिक्षणावर लिहू लागल्या. पुढच्याच वर्षी प्रतिक्रांतिवाद्यांच्या भीतीने त्यांना मुलांसह इजिप्तला पळून जावे लागले. हे त्यांचे पहिले देशांतर.

शिक्षक या नात्याने त्यांच्या चरित्रातील एका प्रकरणापाशी मला थांबावेसे वाटते. पहिल्या महायुद्धात जेमाल पाशांच्या निमंत्रणावरून त्या सीरिया-लेबनॉनमध्ये शाळा उभारावयास गेल्या. तेथील ऐंतुरा या गावच्या अनाथाश्रमाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यात शेकडो आर्मेनियन मुले होती. त्यांच्या आईबापांचा संहार त्याच राजवटीने केला होता. या मुलांची नावे पुसून त्यांना तुर्की, मुस्लिम नावे देण्यात आली, भाषा व धर्मही बदलण्यात आला. आपला या नामांतरास विरोध होता, असे हालिदे यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. मुलांना अन्न, औषध व निवारा मिळाला हेही खरे. तरीही त्या व्यवस्थेचा भार त्यांनी उचलला, ही गोष्ट झाकून चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वसतिगृह चालविणाऱ्यांनी तर ती अवश्य ध्यानात ठेवावी.

१९१९ च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य इझमिरमध्ये उतरले. तेव्हा इस्तंबूलच्या सुलतानअहमद चौकात काळ्या वस्त्रांतील या स्त्रीने प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केले. १९२० च्या मार्चमध्ये दोस्तांनी शहराचा ताबा घेताच त्या दुसरे पती डॉ. अदनान यांच्यासह वेषांतर करून अनातोलियात गेल्या. सुलतानाच्या न्यायालयाने केमाल पाशांबरोबर या दोघांनाही देहान्ताची शिक्षा फर्मावली. अंकाऱ्यात त्यांनी वृत्तसंस्था उभारण्यास हातभार लावला, रुग्णशुश्रूषा केली, आघाडीवर काम केले आणि सैन्यातील हुद्दाही मिळविला.

विजयानंतर मात्र मार्ग वेगळे झाले. अदनान विरोधी पक्षाच्या संस्थापकांपैकी होते. तो पक्ष १९२५ मध्ये बंद करण्यात आला. एका व्यक्तीच्या हाती सर्व सत्ता एकवटणे हालिदे यांना मान्य नव्हते. दांपत्याने देश सोडला आणि इंग्लंड व फ्रान्समध्ये वास्तव्य केले. १९२६ मध्ये केमाल पाशांच्या हत्येच्या कटाचा खटला उभा राहिला, त्यात अदनान यांचेही नाव गोवले गेले. ते निर्दोष ठरले, पण दोघे परतले नाहीत. १९२७ च्या प्रदीर्घ भाषणात केमाल पाशांनी, अमेरिकेचे संरक्षण स्वीकारावे या हालिदे यांच्या १९१९ मधील मताचा जाहीर उल्लेख केला. हालिदे यांनी आपली बाजू आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात, इंग्रजीतून, मांडली. ते पुस्तक तुर्की वाचकांच्या हाती पडण्यास १९६० चे दशक उजाडले.

१९३५ च्या आरंभी डॉ. अन्सारी यांच्या निमंत्रणावरून त्या भारतात आल्या. दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांनी व्याख्याने दिली. श्रोत्यांत व अध्यक्षस्थानी गांधीजीही होते. या प्रवासावर त्यांनी पुढे ग्रंथ लिहिला. नेमक्या त्याच दिवसांत तुर्की स्त्रिया प्रथमच संसदेच्या निवडणुकीत मतदान करीत होत्या. त्या हक्कासाठी ज्यांनी लेखणी झिजविली, त्या तेव्हा देशाबाहेर होत्या.

केमाल पाशांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या. इस्तंबूल विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले आणि १९५० ते १९५४ या काळात इझमिरच्या प्रतिनिधी म्हणून त्या संसदेत बसल्या. ९ जानेवारी १९६४ रोजी इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले.