कस्तुरबा : एका सहजीवनाची वाटचाल

आपल्या वर्धा जिल्ह्यात कस्तुरबा हे नाव सर्वांत जास्त वेळा कानावर पडते ते दवाखान्याच्या निमित्ताने. बाळंतपण अडो की साप चावो, खेड्यातून निघालेली गाडी सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्याची वाट धरते. पण ज्या बाईचे नाव त्या दवाखान्याला दिले आहे ती कोण, असे विचारले तर गांधीजींची पत्नी, एवढ्यावरच आपले उत्तर संपते. मला वाटते, त्या एका शब्दात बांचे आयुष्य मावत नाही. ज्या नात्याला आपण लग्न म्हणतो ते साठ वर्षांहून अधिक काळात किती रूपे घेऊ शकते, हे पाहायचे असेल तर बांचे चरित्र वाचावे.

कस्तुरबांचा जन्म पोरबंदरला १८६९ साली झाला. गांधीजींपेक्षा त्या काही महिन्यांनी मोठ्या. १८८३ मध्ये दोघांचे लग्न झाले तेव्हा दोघेही तेरा-चौदा वर्षांची होती. लग्न घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले. मुलीला कोण विचारणार? शाळा त्यांनी पाहिली नव्हती. नवरा झालेला मुलगा मात्र लगेच नवरेपणा गाजवू लागला. आपल्या परवानगीशिवाय पत्नीने बाहेर जाऊ नये असा त्याचा हट्ट, आणि बा तर देवळात जायचे तेव्हा जातच. बांनी आत्मचरित्र लिहिले नाही. हे सारे गांधीजींनीच पुढे लाजेने लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळले.

दक्षिण आफ्रिकेतही भांडणे चालूच राहिली. डर्बनच्या घरी पाहुण्यांची मूत्रपात्रे घरच्यांनीच साफ करायची असा गांधीजींचा नियम होता. एका कारकुनाचे पात्र उचलताना बांच्या डोळ्यांत पाणी आले. हे काम आनंदानेच करायला हवे म्हणून रागावलेल्या गांधीजींनी त्यांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले. या परदेशात आपण जाणार कुठे, असे बांनी विचारल्यावर ते भानावर आले. १९०१ मध्ये भारतात परतताना लोकांनी भेटी दिल्या, त्यांत बांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. तो सार्वजनिक कामाला द्यायचे गांधीजींनी ठरवले आणि मुलांना आधी आपल्या बाजूला वळवून घेतले. बांनी रोखठोक विचारले की माझ्या हारावर तुमचा काय अधिकार? तुमच्या सेवेत माझी सेवा नाही काय? शेवटी हार गेला, पण तो प्रश्न मला आजही योग्य वाटतो.

१९०६ मध्ये गांधीजींनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. चार मुलगे झालेले होते, बांचे वय ३७ होते. या विषयावर गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली; पत्नीला विचारले ते अगदी व्रत घेण्याच्या वेळी. बांनी हरकत घेतली नाही. पती-पत्नीचे नाते त्या दिवसापासून सहकाऱ्यांचे नाते झाले. पुष्कळ लेखक याला त्यागाचे शिखर म्हणतात. परंतु व्रत दोघांच्या आयुष्याचे आणि विचार मात्र एकाने करून ठेवलेला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. हरकत न घेणे आणि स्वतः निवडणे यांत फरक आहे.

स्वतः निवडण्याची वेळ १९१३ साली आली. त्या वर्षी मार्च महिन्यात केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेली किंवा सरकारी नोंद नसलेली लग्ने त्या निकालाने बेकायदा ठरली. हिंदू, मुसलमान, पारशी बायका एका दिवसात कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत आणि त्यांच्या मुलांचा वारसाहक्कही धोक्यात आला. स्त्रियांनी सत्याग्रहात उतरावे असे गांधीजींनी ठरवले. पण बांना मात्र त्यांनी सांगितले नाही. आपल्या शब्दाखातर ती हो म्हणेल आणि तुरुंगात डगमगली तर काय, ही त्यांची शंका होती. दुसऱ्या बायकांशी चाललेले हे बोलणे बांच्या कानावर गेले. माझ्यात काय उणे आहे म्हणून मला वगळता, असे त्यांनी विचारले आणि आपण होऊन निघाल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये फोक्सरस्टला अटक होऊन त्यांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटून आल्या तेव्हा त्यांचा हाडांचा सापळा झाला होता. १९१४ च्या कायद्याने भारतीय पद्धतीच्या एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. ज्या लग्नासाठी तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना कोणी विचारले नव्हते, त्याच लग्नाच्या मानासाठी चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या स्वतःच्या निर्णयाने तुरुंगात गेल्या!

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून जवळच्या शेगावात राहायला आले. याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. पहिल्या आदिनिवासात सगळे एकत्र राहत. एवढ्या माणसांत एका बाईला आडोसा कुठला? ही अडचण जमनालाल बजाजांच्या लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवून घेतली. तीच बा कुटी. बापू कुटी जवळच आहे. ती आधी मीराबेनची होती. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी १९२५ मध्ये भारतात आली आणि अविवाहित राहून शिष्या व मुलगी या नात्याने राहिली. महादेवभाई देसाई १९१७ पासून गांधीजींचे चिटणीस. तेही शेजारीच राहत. किशोरलाल मश्रूवाला आणि गोमतीबेन हे जोडपे तिथेच. कुष्ठरोगाने पिडलेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजी स्वतः मालिश करीत. लग्नाचे, शिष्यत्वाचे, मैत्रीचे, सेवेचे नाते, अशी सगळी नाती एका अंगणात नांदत होती, आणि त्या सर्वांची बा मात्र एकच. त्या कुणाच्या सावलीसारख्या नव्हत्या. १९३९ मध्ये राजकोटचा लढा सुरू होताच, ते आपले गाव म्हणून, सत्तरीला टेकलेल्या बा तिथे गेल्या व अटक करवून घेतली.

ऑगस्ट १९४२ मध्ये दोघांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. १५ ऑगस्टला महादेवभाई तिथेच गेले. त्या कैदेत गांधीजी पुन्हा बांना शिकवू लागले. ज्या बाईला तरुणपणी शिकवायचे राहून गेले, ती सत्तरीनंतर भूगोलाचे धडे गिरवू लागली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून बांनी प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. महादेवभाईंच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.

मी हे चरित्र निव्वळ परीक्षेसाठी वाचले नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. माझ्या आईचे लग्न पंधराव्या वर्षी झाले आणि तिलाही कोणी विचारले नव्हते. तरी वावरातले काम असो की माझी फी, आज आमच्या घरी बाबा तिच्याशिवाय काही ठरवत नाहीत. हा मान तिला लग्नाने आयता दिला नाही, वर्षानुवर्षे तिने तो मिळवला. आता माझ्यासाठी स्थळे येऊ लागली आहेत. लग्न करावे, की मीराबेनप्रमाणे एखाद्या कामाला वाहून घ्यावे, हे मी अजून ठरवलेले नाही. नात्याचे नाव काहीही असो, त्यात दोघांनाही विचारले गेले का, हे मी आधी पाहणार आहे. घरी हे सांगितले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली की बी.ए. होईपर्यंत पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायचे, आणि तसे तिने कळवलेसुद्धा.